एंडोमेट्रिओसिस आणि स्त्रीबीजांचा दर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळीत फार दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, रिपोर्टात 'चॉकलेट सिस्ट' निघाली आणि दवाखान्यातून बाहेर पडता पडता कुणीतरी सांगितलं की याने अंड्यांची क्वालिटी जाते. खालचे बहुतेक प्रश्न त्या एका वाक्यातून निघालेले आहेत. ते वाक्य अर्धंच खरं आहे. इथली माहिती आजार समजून घेण्यासाठी आहे. औषध आणि ऑपरेशन यांचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे नेमकं काय?

गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं, तशाच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात तेव्हा त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. ओटीपोटाचं आतलं आवरण, अंडाशय, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली खोलगट जागा, कधी आतडं किंवा मूत्राशय, अशा ठिकाणी त्या सापडतात. पाळीच्या हॉर्मोन्सचा त्यांच्यावरही परिणाम होतो. तिथे सूज येते, रक्त झिरपतं, जखम भरताना चिवट पापुद्रे तयार होतात आणि अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना हा आजार आहे, म्हणजे पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहांपैकी एकीला.

पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात उतरतं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, हा विचार जॉन सॅम्पसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२० च्या दशकात मांडला. आजही तोच सर्वाधिक मानला जातो. पण असं उलटं रक्त बहुतेक सगळ्याच बायकांच्या पोटात जातं, आजार मात्र सगळ्यांना होत नाही. म्हणजे प्रतिकारशक्ती आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा आहे. पाळीत डोक्यावरून पाणी घेतलं, जड उचललं, स्वच्छता पाळली नाही, यांचा या आजाराशी काही संबंध नाही. सासरी-माहेरी असं कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका.

चॉकलेट सिस्ट इतर गाठींपेक्षा वेगळी कशी?

अंडाशयावर पाण्याच्या साध्या गाठी पुष्कळ जणींना होतात आणि एक-दोन पाळ्यांत आपोआप विरतात. चॉकलेट सिस्ट, म्हणजेच एंडोमेट्रिओमा, सहसा अशी विरत नाही. तिच्यात महिनोन्‌महिने साठलेलं जुनं रक्त असतं, घट्ट आणि तपकिरी. नाव पडलं ते त्या रंगावरून.

पण खरा फरक तिच्या भिंतीत आहे. १९५७ साली ह्यूजडन या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की बहुतेक वेळा ही गाठ अंडाशयाच्या आत स्वतंत्रपणे वाढलेली नसते. अंडाशयाचा पृष्ठभागच आत दुमडला जातो आणि त्या खोबणीत रक्त साठत जातं. याचा अर्थ गाठीची भिंत ही अंडाशयाचीच साल असते. स्त्रीबीजं असतात तीही याच सालीत. ऑपरेशनचा प्रश्न खाली येईल तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण सगळा पेच इथूनच सुरू होतो.

गाठ एका कोपऱ्यात आहे, मग बाकीच्या अंडाशयाला तिचा त्रास का व्हावा?

गाठीतला द्रव निरुपद्रवी नसतो म्हणून. जुन्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं विघटन होऊन त्यातलं लोह मोकळं होतं. दुसऱ्या कुठल्याही साध्या गाठीत आढळत नाही इतकं मोकळं लोह या द्रवात असतं. हे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी रासायनिक क्रिया करतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अत्यंत आक्रमक कण तयार होतात. पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे आड येईल त्याला ते इजा करतात. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. शिवाय सूज वाढवणारी रसायनं आणि प्रथिनं कुरतडणारी एन्झाइम्सही त्या द्रवात असतात. मध्ये आडोसा काय, तर एक पातळ भिंत. तिच्यातून हे पदार्थ शेजारच्या उतीत झिरपतात.

याचे दोन परिणाम दिसतात. पहिला म्हणजे मऊ, पेशींनी भरलेल्या सालीत हळूहळू तंतुमय, व्रणासारखी ऊती तयार होते. तिथला रक्तपुरवठा घटतो आणि त्या पट्ट्यातली बीजं टिकत नाहीत.

दुसरा परिणाम चमत्कारिक आहे. अंडाशयात सुप्तावस्थेत असलेल्या बीजांपैकी दर महिन्याला थोडीच जागी होऊन वाढू लागतात, बाकीची वर्षानुवर्षं थांबून राहतात. सूज असलेल्या सालीत मात्र ही बीजं गरजेपेक्षा जास्त संख्येनं आणि वेळेआधी जागी होतात, असं अनेक संशोधकांना वाटतं. जागी झालेली सगळीच पुढे पोचत नाहीत, बहुतेक वाटेतच विरतात. म्हणजे पुढच्या वर्षांसाठीचा साठा आजच खर्ची पडतो. चार सेंटिमीटरहून मोठ्या नसलेल्या गाठी असलेली अंडाशयं तपासली तेव्हासुद्धा, त्याच स्त्रियांच्या दुसऱ्या बाजूच्या निरोगी अंडाशयाच्या तुलनेत, सालीतल्या बीजांची दाटी कमी आढळली. गाठ लहान आहे म्हणून काहीच बिघडलेलं नाही, असं म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

फॉलिकलच्या आत काय बदलतं?

फॉलिकल म्हणजे बीज ज्यात वाढतं ती द्रवाने भरलेली बारीक पिशवी. बीजाभोवती ग्रॅन्युलोसा पेशींचा थर असतो. त्या बीजाला ऊर्जा आणि कच्चा माल पुरवतात, इस्ट्रोजेन तयार करतात आणि योग्य वेळ आल्याचा संदेशही देतात. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांच्या फॉलिकलमधला द्रव तपासला की त्यात इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि टीएनएफ-अल्फा ही सुजेची रसायनं अनेकदा वाढलेली दिसतात. अँटिऑक्सिडंट्स कमी पडलेले असतात. ग्रॅन्युलोसा पेशी जास्त प्रमाणात मरतात आणि त्यांचं इस्ट्रोजेन बनवण्याचं कामही मंदावतं.

बीजावर याचा परिणाम मुख्यतः दोन ठिकाणी होऊ शकतो. एक म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. बीज ही शरीरातली सर्वात मोठी पेशी, आणि फलनानंतर पहिले काही दिवस गर्भाची ऊर्जा आईच्या बीजातल्या मायटोकॉन्ड्रियांवरच चालते. दुसरं म्हणजे स्पिंडल, म्हणजे बीज पक्व होताना गुणसूत्रांची वाटणी करणारी नाजूक तंतूंची रचना. ब्राझीलमधल्या संशोधकांनी गायीची बीजं एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांच्या फॉलिकलमधल्या द्रवात वाढवली, तेव्हा स्पिंडल बिघडण्याचं प्रमाण वाढलं. त्याच द्रवात अँटिऑक्सिडंट घातल्यावर ते कमी झालं. प्रयोग लक्षवेधी आहे. पण तो काचेच्या बशीत झाला आणि गायीच्या बीजांवर झाला. त्यावरून थेट बायकांना गोळ्या लिहून देणं घाईचं होईल.

म्हणजे माझी अंडी खराब आहेत का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर एका शब्दात देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

दर्जा बिघडतो, या बाजूने सर्वात बोलका पुरावा दात्या स्त्रियांच्या बीजांवरून मिळाला. १९९४ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणानुसार, एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांना निरोगी दात्रीचं बीज दिलं तर गर्भ रुजण्याचं प्रमाण इतरांइतकंच राहिलं. पण बीज देणाऱ्या स्त्रीलाच एंडोमेट्रिओसिस असेल तर ते घटलं. म्हणजे दोष गर्भाशयापेक्षा बीजाकडे जास्त, असा निष्कर्ष निघाला आणि पुढची कित्येक वर्षं तोच गिरवला गेला. हे अभ्यास मात्र लहान होते.

नंतर गर्भाची गुणसूत्रं तपासण्याचं तंत्र आलं. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आयव्हीएफ (म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करून गर्भ गर्भाशयात सोडण्याचा उपचार) करणाऱ्या एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णांचे गर्भ आणि त्याच वयाच्या इतर स्त्रियांचे गर्भ यांची तुलना केली. गुणसूत्रांत दोष असलेल्या गर्भांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. वय वाढलं की ते प्रमाण वाढतं, आजार आहे म्हणून नाही.

मग या दोन्हींची सांगड कशी घालायची? माझ्या वाचनातून जे चित्र उभं राहतं ते असं. हा आजार सर्वात ठळकपणे घटवतो ती बीजांची संख्या. एका वेळी कमी बीजं मिळतात, त्यातली काही पूर्ण पक्व नसतात. पेशीच्या पातळीवर काहींना इजाही होत असणार, वरच्या प्रश्नात पाहिलं तशी. पण जी बीजं पक्व होतात, फलित होतात आणि पाचव्या दिवसापर्यंत चांगली वाढतात, ती तुमच्या वयाच्या इतर कुणाहीसारखीच असण्याची शक्यता मोठी आहे. तिशीच्या आतल्या मुलीला 'तुझी अंडी खराब आहेत' असं सरसकट सांगणं याला शास्त्राचा आधार नाही. तिला सांगायला हवं ते हे, की तुझ्याकडे वेळ इतरांपेक्षा कमी असू शकतो.

माझं एएमएच कमी आलं आहे. आता मूल होणारच नाही का?

एएमएच हे अंडाशयात तयार होणारं हॉर्मोन, ते रक्तात मोजतात. हा आकडा म्हणजे कणगीत किती दाणे उरलेत, म्हणजे बीजांचा साठा किती आहे, त्याचा अंदाज. दाणा कसा आहे ते त्यातून कळत नाही, आणि या महिन्यात नैसर्गिकपणे दिवस राहतील की नाही हेही कळत नाही. दर महिन्याला एकच बीज सुटतं. ते सुटत असेल, नलिका मोकळ्या असतील, तर एएमएच कमी असूनही गर्भ राहतो.

एएमएचचा खरा उपयोग दोन ठिकाणी. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती बीजं मिळतील हे त्यावरून ताडता येतं. आणि दर काही महिन्यांनी तपासलं तर साठा किती वेगाने उतरतोय ते समजतं. एंडोमेट्रिओमा असलेल्या स्त्रियांत हा उतार इतरांपेक्षा वेगाने होतो असं दिसलं आहे. गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना एएमएच थोडं कमी दिसू शकतं. तेव्हा चाचणीच्या वेळी कुठली गोळी चालू होती हे डॉक्टरांना सांगा. आणि दोन वेगवेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरून जाऊ नका.

एका बाजूला गाठ आहे. त्या बाजूने बीज सुटतच नाही का?

सुटतं. इटलीत एकाच बाजूला गाठ असलेल्या स्त्रियांवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीज सुटण्याचं प्रमाण दोन्ही बाजूंना जवळजवळ निम्मं निम्मं होतं, आणि त्यातल्या पुष्कळ जणींना काही महिन्यांतच नैसर्गिकपणे दिवसही राहिले.

गाठ नाही, दुर्बिणीतून फक्त बारीक डाग दिसले. तरी परिणाम होतो?

होऊ शकतो, पण वाट वेगळी असते. ओटीपोटातल्या द्रवात सुजेच्या पेशी वाढलेल्या असतात आणि शुक्रजंतूंची हालचाल, बीज-शुक्रजंतूंची भेट, नलिकेचं बीज उचलून घेण्याचं काम यांत अडथळा येतो. निरोगी जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता १५ ते २० टक्के धरली जाते. उपचार न घेतलेल्या एंडोमेट्रिओसिसमध्ये ती २ ते १० टक्क्यांवर येते. कमी होते, शून्य होत नाही. अशा सौम्य आजारात साठ्यावर होणारा परिणाम गाठीइतका नसतो, आणि आयव्हीएफचे निकालही इतरांच्या जवळपास जातात.

इथे दुर्बिणीतून डाग जाळण्याचा थोडा फायदा दिसला आहे. कॅनडात ३४१ स्त्रियांवर झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डाग काढलेल्यांपैकी ३०.७ टक्के, तर नुसती तपासणी करून सोडलेल्यांपैकी १७.७ टक्के स्त्रियांना पुढच्या ३६ आठवड्यांत दिवस राहून गर्भ वीस आठवड्यांपलीकडे टिकला.

आयव्हीएफच्या आधी गाठ काढून टाकायची ना?

'गाठ आहे, काढून टाका' हे आपल्याला स्वाभाविक वाटतं. घरातली मोठी माणसंही तेच म्हणतात. पण वर सांगितलं तसं, गाठीची भिंत ही अंडाशयाचीच साल आहे. सर्जनचा हात कितीही सफाईदार असला तरी भिंत सोलताना तिच्यासोबत काही निरोगी बीजं निघून जातातच. रक्तस्राव थांबवायला अंडाशयावर डाग दिला तर त्या उष्णतेनेही नुकसान होतं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा गाठ काढल्यानंतर एएमएच सरासरी ३८ टक्क्यांनी खाली आलेलं आढळलं. दोन्ही बाजूंच्या गाठी एकदम काढल्या तर धोका आणखी वाढतो. अशा १२६ स्त्रियांच्या एका अभ्यासात तिघींचं अंडाशय ऑपरेशननंतर कामच करेनासं झालं, म्हणजे ऐन तारुण्यात पाळी गेली.

बरं, एवढं करून आयव्हीएफमध्ये मूल होण्याचं प्रमाण वाढतं का? तसं दिसलेलं नाही. म्हणूनच ईश्रे या युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं की आयव्हीएफचा निकाल सुधारावा एवढ्यासाठी एंडोमेट्रिओमाचं ऑपरेशन सरसकट करू नये. पूर्वी 'चार सेंटिमीटरच्या वर गेली की काढा' असा एक ठोकताळा होता. आता नुसत्या आकारावर निर्णय घेत नाहीत.

ऑपरेशन लागतं ते अशा वेळी: वेदना औषधांनी आटोक्यात येत नाहीत, सोनोग्राफीत गाठ संशयास्पद दिसते, किंवा ती मध्ये आल्यामुळे बीजं काढायला सुईला वाट मिळत नाही. वेदना हे कारण कमी महत्त्वाचं नाही, हे मुद्दाम सांगते. 'मूल होईपर्यंत सहन कर' असं सांगून बाईला वर्षभर लोळवत ठेवणं हा उपचार नव्हे. वय कमी आहे, एएमएच बरं आहे, गाठ एकाच बाजूला आहे आणि नैसर्गिकपणेच प्रयत्न करायचा आहे, तर चांगल्या हातून झालेल्या ऑपरेशनने फायदा होऊ शकतो. त्याउलट पस्तिशी उलटलेली, एएमएच कमी, एकदा ऑपरेशन होऊन गाठ परत आलेली, अशा वेळी दुसऱ्यांदा चाकू लावण्याआधी दहा वेळा विचार करावा.

ऑपरेशन ठरलंच तर आधी काय विचारावं?

तुम्ही अशी किती ऑपरेशनं करता? भिंत पूर्ण सोलणार की काही भाग लेझरने जाळून ठेवणार? रक्त थांबवायला टाके घालणार की डाग देणार? आधी एएमएच आणि सोनोग्राफीत फॉलिकलची मोजणी केली आहे का? आणि सर्वात आधी: ऑपरेशनपूर्वी बीजं किंवा गर्भ गोठवून ठेवावेत का? हे विचारल्यावर रागावणाऱ्या डॉक्टरांकडून दुसरं मत घ्यायला निघावं, असं माझं मत.

ऑपरेशननंतर लगेच प्रयत्न करायचा नसेल तर हॉर्मोनची गोळी सुरू ठेवण्याबद्दल बोला. औषध न घेतल्यास आजार परतण्याचं प्रमाण दोन वर्षांत साधारण पाचांपैकी एक आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्के इतकं नोंदवलं गेलं आहे.

डायनोजेस्ट किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी बीजं सुधारतात का?

नाही. या हॉर्मोनच्या गोळ्या वेदना कमी करतात, गाठ थोडी आक्रसवतात, आजाराची पुढची वाढ रोखतात. त्यांचं काम तेवढं, आणि ते चांगलं काम आहे. पण त्या चालू असताना बहुधा बीजच सुटत नाही, म्हणजे मूल हवं असणाऱ्या काळात तेवढे महिने हातातून जातात. 'आधी सहा महिने गोळी घ्या, मग प्रयत्न करा' असा सल्ला मिळाला तर तो वेदनेसाठी आहे की गर्भधारणेसाठी, हे विचारा. गर्भधारणेसाठी असेल तर त्याला आधार नाही.

ल्युप्रोलाइडसारखी पाळी बंद करणारी इंजेक्शनं आयव्हीएफच्या आधी तीन ते सहा महिने देण्याची पद्धत अनेक वर्षं होती. त्याने फायदा होतो की नाही हे पक्कं ठरलं नसल्यामुळे ईश्रेच्या २०२२ च्या सूचनांत ती सरसकट वापरू नये असं म्हटलं आहे. सोबत ॲडेनोमायोसिस असेल, म्हणजे आजार गर्भाशयाच्या भिंतीतही शिरलेला असेल, तर काही डॉक्टर ती आजही वापरतात. तो हिशेब बीजाचा नसून गर्भाशयाचा असतो.

को-क्यू१०, व्हिटॅमिन डी, मेलाटोनिन, ओमेगा-३ यांपैकी काय घ्यावं?

या गोळ्यांमागचा तर्क चुकीचा नाही: ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे दुखणं, तर अँटिऑक्सिडंट हा उतारा. फॉलिकलची शेवटच्या टप्प्यातली वाढ साधारण तीन महिन्यांत होते. 'निदान तीन महिने घ्या' असं सांगतात ते त्यामुळेच. पण एंडोमेट्रिओसिसमध्ये या गोळ्यांनी मूल होण्याचं प्रमाण वाढतं, हे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. व्हिटॅमिन सी आणि ई यांनी दुखणं थोडं कमी झाल्याचं काही चाचण्यांत दिसलं, तेवढंच.

फॉलिक ॲसिड घ्याच. ते बीजासाठी नव्हे, बाळाच्या मज्जासंस्थेसाठी. व्हिटॅमिन डी तपासून कमी असेल तर भरून काढा. को-क्यू१० परवडत असेल आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्यायला हरकत नाही, पण दर महिन्याला काही हजारांची 'फर्टिलिटी किट' घेताना ते पैसे आयव्हीएफच्या पुढच्या प्रयत्नासाठी लागणार आहेत हे विसरू नका. लोहाच्या गोळ्या मात्र रक्तातलं लोह बघूनच. पाळीत रक्त फार जाऊन ॲनिमिया झाला असेल तर त्या लागतातच. गाठीत लोह आहे म्हणून त्या टाळायच्या नाहीत, दोन्हींचा संबंध लावू नका.

आहाराने काही फरक पडतो?

भाज्या, डाळी, फळं, मासे, कमी तळण, बेताचं वजन, नीट झोप. यापलीकडे 'एंडो डाएट' म्हणून जे विकलं जातं त्यातल्या बहुतेक गोष्टींना पुरावा नाही. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या, त्याने गाठ विरघळत नाही. तंबाखू मात्र सोडाच. सिगारेटमुळे अंडाशयाचा साठा लवकर संपतो हे नीट सिद्ध झालेलं आहे. ग्रामीण भागात बायकांना मिश्री लावायची सवय असते आणि ती तंबाखूत मोजलीच जात नाही, डॉक्टरही विचारत नाहीत. गर्भाला तिचाही अपाय होतो.

आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी आजार भडकतो का? बीजं काढताना गाठ फुटली तर?

आयव्हीएफमुळे आजार परतण्याचा धोका वाढतो असं आढळलेलं नाही. काहींना त्या दोन आठवड्यांत दुखणं वाढल्यासारखं वाटतं, त्याचं औषध मिळतं. एग पिकअपच्या वेळी डॉक्टर गाठीला सुई लागू देत नाहीत, कारण तिच्यातला द्रव जंतूंना पोसतो आणि अंडाशयात पू होण्याची भीती असते. हे क्वचित घडतं, तरी खबरदारी म्हणून अँटिबायोटिक देतात. पिकअपनंतर ताप आला किंवा पोटातलं दुखणं वाढत गेलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता फोन करा.

माझं लग्न झालेलं नाही. एग फ्रीझिंगचा विचार करावा का?

दोन्ही बाजूंना गाठी, किंवा एएमएच वयाच्या मानाने कमी, किंवा ऑपरेशन ठरलेलं, यांपैकी काही असेल तर निदान त्यावर चर्चा तरी व्हायला हवी. पस्तिशीच्या आत गोठवलेल्या बीजांचे निकाल स्पष्टपणे चांगले असतात. आणि तरुण स्त्रियांत, ऑपरेशन आधी करून मग बीजं गोठवणाऱ्यांपेक्षा ऑपरेशन न करता गोठवणाऱ्यांना मूल होण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. म्हणजे क्रम महत्त्वाचा. आजार सौम्य, वय पंचविशीतलं आणि साठा चांगला असेल तर मात्र केवळ भीतीपोटी इतका खर्च करायची गरज नाही.

भारतातल्या २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे (आयव्हीएफसारख्या उपचारांबद्दलचा कायदा) अविवाहित स्त्रीही ही सेवा घेऊ शकते. स्त्रीचं वय २१ ते ५० या मर्यादेत हवं. बीजं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात.

जाता जाता तपासणीबद्दल. आपल्याकडे लग्न न झालेल्या मुलीची योनिमार्गातून सोनोग्राफी करत नाहीत, पोटावरूनच करतात. त्यात गाठ दिसते, पण खोलवरचा आजार निसटू शकतो. 'सोनोग्राफी नॉर्मल' म्हणून विषय तिथेच संपत नाही. एमआरआयचा पर्याय असतो.

लग्न झालं, मूल झालं की हा आजार बरा होतो म्हणतात.

गरोदरपणात पाळी बंद असते, म्हणून काही काळ अनेकींना आराम पडतो. आजार जात नाही. दुखण्यावर उपाय म्हणून मुलीचं लग्न उरकणं हा उपचार होऊ शकत नाही.

किती महिने घरीच प्रयत्न करायचे?

एंडोमेट्रिओसिस आधीच माहीत असेल तर वर्षभर वाट बघू नका. पस्तिशीच्या आत असाल तर सहा महिने, पस्तिशी उलटली असेल तर लगेच तज्ज्ञांना भेटा. आणि पहिल्याच भेटीत नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्या. बायकोच्या रिपोर्टात चॉकलेट सिस्ट सापडली की सगळा दोष तिच्या खात्यावर जमा होतो आणि नवऱ्याची दोन-तीनशे ते हजार रुपयांची साधी चाचणी वर्ष-वर्ष राहून जाते. ती पाहिल्याशिवाय कोणत्याही बाईला ऑपरेशनच्या टेबलावर घेऊ नये.

दुसऱ्या स्त्रीचं बीज घ्या असा सल्ला मिळाला आहे. ऐकावं का?

केवळ 'एंडोमेट्रिओसिस आहे' या कारणासाठी हा सल्ला मिळाला असेल तर दुसरं मत घ्या. साठा खरोखरच संपत आला असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल आणि स्वतःच्या बीजांचे प्रयत्न फसले असतील, तर तो विचारात घेण्यासारखा पर्याय आहे. या मार्गाने गर्भ रुजण्याचं प्रमाण एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णांतही चांगलं असतं. कायद्यानुसार बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वयाची असावी लागते आणि तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येतं.

दुसऱ्या मतासाठी जाताना न्यायचे कागद: सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट (नुसता शेवटचा नको, गाठ किती वेगाने वाढली ते आधीच्यांवरून कळतं), एएमएचचे तारखांसकट आकडे, ऑपरेशन झालं असेल तर त्याची सविस्तर नोंद आणि असल्यास व्हिडिओ, आयव्हीएफ झालं असेल तर किती बीजं मिळाली, किती पक्व होती, किती फलित झाली आणि किती पाचव्या दिवसापर्यंत पोचली याचा कागद. हा शेवटचा कागद अनेक ठिकाणी मागितल्याशिवाय हातात देत नाहीत. तो मागून घ्या. तुमच्या बीजांच्या दर्जाबद्दल कोणत्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त माहिती त्यात असते.